सकाळचे अडीच तास: स्वतःच्या हाती घेतलेल्या एनडीआयएस प्लॅनचा प्रकरण अभ्यास

मेलबर्नच्या पश्चिमेकडील एका उपनगरात आईवडिलांसोबत राहणाऱ्या मराठी तरुणीने जुलै २०२४पासून आपल्या अपंगत्व-सेवांचा निधी स्वतः सांभाळायला घेतला. त्यानंतरच्या पंधरा महिन्यांत काय साधले, काय चुकले आणि कोणती गोष्ट अजूनही मार्गी लागलेली नाही, याची ही नोंद आहे. मी व्यवसायाने हिशेबनीस आहे. तिच्या वडिलांचा जुना स्नेही म्हणून या कामात शिरलो आणि तेव्हापासून जवळजवळ दर शनिवारी सकाळी तिच्या टेबलाशी बसत आलो आहे. हे लेखन तिच्या संमतीने केले असून नाव, उपनगर आणि ओळख पटेल असा तपशील मुद्दाम गाळला आहे.

ती २६ वर्षांची आहे, मेलबर्नमध्येच जन्मली, आणि तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. हातापायांचे स्नायू ताठ असल्यामुळे ती पॉवर व्हीलचेअर वापरते. तिचे बोलणे सवयीच्या माणसाला नीट कळते. अनोळखी माणसाशी ती टॅबलेटवर टाइप करून बोलते. आठवड्यातून तीन दिवस ती घरून एका कार्यालयाचे काम करते आणि त्या दिवशी तिला सकाळी नऊ वाजता संगणकासमोर असावे लागते. या प्रकरणाची सुरुवात त्या नऊ वाजण्यापासूनच होते.

ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय अपंगत्व विमा योजना, जिला सगळे एनडीआयएस म्हणतात, ती उत्पादकता आयोगाच्या २०११च्या अहवालातून उभी राहिली. २०१३ साली तिचा कायदा झाला आणि १ जुलै २०१३पासून जिलाँगच्या परिसरासह काही निवडक भागांत ती प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यापूर्वी सरकार सेवा देणाऱ्या संस्थांना ठोक अनुदान देई आणि गरजू माणसाने त्या संस्थेत जागा रिकामी होण्याची वाट पाहायची, अशी रीत होती. नव्या योजनेत पैसा माणसाच्या नावाने, त्याच्या वैयक्तिक 'प्लॅन'मध्ये, मंजूर होऊ लागला, आणि गरज 'वाजवी आणि आवश्यक' आहे का, ही त्याची कसोटी ठरली. सांगलीला राहणारा तिचा मामा फोनवर दर वेळी विचारतो, "सरकार महिन्याला किती देतं गं?" महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेसारखे अनुदान दरमहा खात्यात जमा होते, त्यामुळे हा प्रश्न त्याला सुचणे स्वाभाविक आहे, परंतु एनडीआयएसचा निधी म्हणजे पगार किंवा पेन्शन नव्हे. उपजीविकेसाठीचे अपंगत्व पेन्शन निराळे असते. प्लॅनमधील रक्कम केवळ अपंगत्वामुळे लागणाऱ्या सेवांवर खर्च करता येते. घरभाडे, किराणा, विजेचे बिल त्यातून भागत नाही, आणि प्लॅन संपताना उरलेली रक्कम हातात येत नाही. योजनेत येण्यासाठी नागरिकत्व किंवा कायमस्वरूपी निवासाचा हक्क लागतो. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांना या दारातून आतच येता येत नाही, आणि ही गोष्ट मला फार लागते.

मंजूर झालेला निधी तीन प्रकारे सांभाळता येतो. योजना चालवणारी सरकारी एजन्सी तो सांभाळू शकते. मग केवळ नोंदणीकृत संस्थांकडूनच सेवा घेता येते. प्लॅन मॅनेजर नेमता येतो. मग बिले तो भागवतो, नोंदणी नसलेल्या व्यक्तीही नेमता येतात, पण ठरवून दिलेल्या कमाल दराच्या वर जाता येत नाही. तिसरा मार्ग म्हणजे सर्व काही स्वतः पाहणे: माणसे निवडणे, दर ठरवणे, पैसे चुकते करणे, क्लेम टाकणे आणि कागद पाच वर्षे जपून ठेवणे. जून २०२४पर्यंत या तरुणीचा निधी पहिल्या प्रकारे सांभाळला जात होता.

तेव्हा एका नोंदणीकृत संस्थेकडून रोज सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन तास सपोर्ट वर्कर येत असे. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण असा अनुभव अनेकांनी सांगितलेला मी ऐकला आहे. रोस्टर, म्हणजे पाळ्यांचे वेळापत्रक, संस्थेच्या सोयीने बदलत असे आणि एका महिन्यात सकाळच्या पाळीला नऊ निरनिराळ्या व्यक्ती आल्याचे तिच्या आईच्या वहीत नोंदलेले मी पाहिले आहे. तिला पलंगावरून खुर्चीत आणताना स्लिंगची, म्हणजे अंगाखाली घालायच्या कापडी झोळीची, डाव्या खांद्याखालची पट्टी आधी अडकवावी लागते, मग पायांच्या पट्ट्या एकमेकींतून ओवून घ्याव्या लागतात, आणि होइस्टने, म्हणजे ती झोळी उचलणाऱ्या यंत्राने, वर उचलण्याआधी तिचा डावा हात पोटावर आणून ठेवावा लागतो. नाही तर तो हात मागे अडकतो आणि खांद्यातून कळ येते. नव्या माणसाला हे दर वेळी सांगावे लागे, आणि सांगायचे तर टॅबलेट हाताशी लागे, जो पलंगावर आडवे असताना वापरता येत नाही. मग आई स्वयंपाकघरातून हात पुसत धावत येऊन सांगे. दोन तासांसाठी माणूस येऊनही आईची सुटका होत नसे, आणि नऊला दहा मिनिटे असताना न्याहरी तशीच राहून जाई. तक्रार केली की संस्थेकडून दिलगिरीचे पत्र येई आणि पुढच्या सोमवारी दारात पुन्हा नवा चेहरा उभा असे.

प्लॅनच्या फेरआढाव्याच्या वेळी तिने स्व-व्यवस्थापनाची मागणी केली. मागणी करणारी व्यक्ती दिवाळखोर नाही ना आणि या व्यवस्थेत तिला अवाजवी धोका नाही ना, हे एजन्सी पाहते. तिच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न सहज सुटले. विरोध झाला तो घरातून. आईचे म्हणणे असे की हिशेब चुकला तर वसुली निघेल, वर्कर अचानक सोडून गेला तर आपणच उघडे पडू, आणि हे करायचेच असेल तर अधिकृत नॉमिनी म्हणून सर्व व्यवहार आईच्या हातात असावेत. त्या संध्याकाळी मी तिथेच होतो. तिने टाइप करण्याऐवजी, वेळ लागला तरी, तोंडानेच उत्तर दिले: "चुकलं तर माझं चुकू दे, आई." नॉमिनी नेमला गेला नाही. पोर्टलवरील खाते तिच्या एकटीच्या ताब्यात आहे. मला आकडे दिसतात ते ती पडदा माझ्याकडे वळवते तेव्हाच.

आता हिशेब. सोमवार ते शुक्रवारच्या वैयक्तिक मदतीसाठी तिच्या प्लॅनमध्ये वर्षाला सुमारे ७०,००० डॉलर होते. शनिवार-रविवार आईवडील पाहतात. २०२४-२५ साली आठवड्याच्या दिवसातील नेहमीच्या मदतीचा कमाल दर तासाला ६७.५६ डॉलर होता आणि संस्था नेहमी कमाल दरच लावत असे, म्हणजे त्या दराने वर्षाला जेमतेम १,०३६ तास, आठवड्याला वीस. संस्थेच्या दरात वेतनाखेरीज देखरेख, प्रशिक्षण, कार्यालय, विमा असे सर्व येते. तो दर अवाजवी आहे असे मला म्हणायचे नाही. पण तीच जबाबदारी माणसाने स्वतः उचलली तर त्यातील बराच भाग तासांत बदलता येतो. वर्करला थेट नोकरीवर ठेवून तासाला ४४ डॉलर कॅज्युअल वेतन, त्यावर ११.५ टक्के सुपर म्हणजे निवृत्तिनिधी ५.०६ डॉलर, आणि वर्ककव्हरचा, म्हणजे कामावरील दुखापतीच्या विम्याचा, हप्ता व पगारपत्रक करून देणाऱ्या सेवेचे मिळून सुमारे तीन डॉलर धरले, तर एका तासाला ५२ डॉलर पडतात. या दराने आठवड्याला २५ तास घेतले तर वर्षाचे ६७,६०० डॉलर होतात आणि २,४०० डॉलर हाताशी राहतात. सकाळ दोनऐवजी अडीच तासांची झाली, संध्याकाळही अडीच तासांची. मसुद्यात मी 'तिला जादा मिळालेले पाच तास' असे लिहिले होते. तिने ते खोडून 'तिने वाचवलेले' असे केले.

हा हिशेब आम्ही जूनमध्येच मांडला होता, तरी जुलैत तो अमलात आला नाही, आणि यात दोष माझा आहे. थेट नोकरी म्हटले की करकपातीसाठी नोंदणी, पगारपत्रक, विमा हे सगळे आधी उभे करावे लागते. नवीन आर्थिक वर्षाच्या गडबडीत मीच सुचवले की सुरुवातीचे काही महिने वर्करना त्यांच्या एबीएनवर (व्यवसाय-क्रमांकावर), म्हणजे स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, तासाला ५८ डॉलरने बोलवावे आणि बिल आले की क्लेम टाकावा. कागदोपत्री हे अगदी सोपे असते. प्रत्यक्षात मात्र वेळ ती ठरवत होती, पद्धत ती सांगत होती, होइस्ट आणि स्लिंग तिची होती, आणि वर्करला आपल्या जागी दुसऱ्याला पाठवण्याची मुभा नव्हती. अशा नात्याला कंत्राट म्हटले तरी ते नोकरीचेच असते, आणि हे माझ्या व्यवसायातील माणसाने तेव्हाच स्पष्ट सांगायला हवे होते.

माणसे निवडण्याचे काम तिने एकटीने केले. जाहिरात तिने लिहिली, सहा जणांना बोलावले आणि प्रश्न आधीच टाइप करून ठेवले. त्यातला एक प्रश्न असा होता: "मी वाक्य पूर्ण करेपर्यंत तुम्ही काय कराल?" तिघांनी तिचे वाक्य मध्येच पूर्ण करून दाखवले, त्यांना तिने नम्रपणे निरोप दिला. नोंदणी नसलेल्या वर्करला अपंगत्व-सेवांसाठीची पार्श्वभूमी तपासणी स्व-व्यवस्थापनात सक्तीची नसली तरी तिने ती अट घातली. चाचणी म्हणून एका सकाळची पूर्ण पाळी करून घेतली आणि तिचे पैसे दिले.

या टप्प्यावर आई आणि मुलगी यांच्यात जो मतभेद झाला, तो मला या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आईला मराठी बोलणारी वर्कर हवी होती. ओळखीतली एक विद्यार्थिनी तयारही होती. ती घरचे जेवण भरवेल, आईशी बोलेल, देवघरापाशी चप्पल घालून जाणार नाही. मुलीने नकार दिला. आपल्याला आंघोळ घालणारी व्यक्ती गणपतीच्या कार्यक्रमात आपल्याच रांगेत बसलेली असावी, हे तिला नको होते. आपला समाज येथे लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात, आणि तिच्या शरीराविषयी कोणाला काय ठाऊक असावे हे ठरवण्याची संधी तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती. आई आठवडाभर दुखावलेली होती. "आपल्या भाषेतलं माणूस परकं वाटतं का तुला?" असे तिने मला विचारायला सांगितले, जणू मधे मी बसलो तर उत्तर बदलणार होते. उत्तर बदलले नाही. मला वाटते ते योग्यच होते, जरी आईचे दुःख खरे होते. सेवा 'आपल्या संस्कृतीला साजेशी' असावी असे आपण म्हणतो, तेव्हा त्या संस्कृतीतले अंतर किती राखायचे हेही ज्याचे त्यालाच ठरवू द्यावे लागते. आईने वर्षानुवर्षांच्या अनुभवातून 'सकाळची पद्धत' म्हणून मराठीत दोन पाने लिहून ठेवली होती. मुलीने ती इंग्रजीत स्वतःच्या शब्दांत नव्याने लिहिली, छायाचित्रे घातली आणि पलंगाशेजारच्या भिंतीवर लावली. आईच्या पानांतले 'तिला उचलताना' नव्या पानांत 'मला उचलताना' झाले आहे.

सप्टेंबरमध्ये सकाळच्या वर्करच्या पाठीत उसण भरली. होइस्ट वापरतानाच, चाक गालिच्याच्या कडेला अडकले आणि तिने ते एका झटक्याने पुढे ढकलले. दुखापत गंभीर नव्हती, दोन आठवड्यांत ती बरी झाली. पण त्या दोन आठवड्यांत आम्हा सर्वांना कळून चुकले की एबीएनच्या व्यवस्थेत तिच्यामागे कोणीच उभे नाही. रजेचा पगार नाही, आणि विमा आम्ही घेतलेला नव्हता. व्हिक्टोरियात वर्षाला ७,५०० डॉलरपेक्षा अधिक वेतन देणाऱ्याला वर्ककव्हर घ्यावे लागते आणि आमची रक्कम त्याच्या कितीतरी पुढे होती. ज्या बाईच्या हातावर आपण रोज सकाळी विसंबतो, तिच्या दुखापतीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तरुणीला झोपू देईना. तिने स्वतःच्या पेन्शनमधून त्या वर्करला काही रक्कम दिली. किती, ते तिने मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

ऑक्टोबरपासून सर्व कागद रीतसर केले: करनोंदणी, वर्ककव्हर, लेखी करार, पगारपत्रक. घरगुती स्वरूपाचे काम आठवड्याला ३० तासांच्या वर नसेल तर सुपर देण्याची कायदेशीर सक्ती नसते, हे मी तिला सांगितले. तिने तरीही ते द्यायचे ठरवले, कारण तिच्या मते वर्करने म्हातारपणी काय खावे हा प्रश्न तासांच्या मर्यादेने सुटत नाही. सकाळची वर्कर नव्या करारावर राहिली. संध्याकाळच्या वर्करला हातात येणारी रक्कम कमी झालेली पटली नाही, ती सोडून गेली आणि तिच्या जागी तीन आठवड्यांनी दुसरी व्यक्ती मिळाली. तोवर संध्याकाळ आईने सांभाळली, विनामोबदला, कारण अगदी अपवादात्मक परिस्थिती वगळता कुटुंबीयांना या निधीतून पैसे देता येत नाहीत.

माझ्या घाईची किंमत आकड्यांत अशी होती. तेरा आठवडे, आठवड्याला २५ तास, तासामागे सहा डॉलर अधिक, म्हणजे १,९५० डॉलर. उसण भरलेल्या पंधरवड्यात सकाळी संस्थेची वर्कर बोलवावी लागली, त्याचे सुमारे २४० डॉलर जादा. वर्षभरासाठी ठेवलेल्या २,४०० डॉलरपैकी २१० उरले, आणि वर्षाचे नऊ महिने अजून समोर होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आठ आठवडे तिने आठवड्याला एक तास कमी केला आणि चारशेहून थोडे अधिक डॉलर पुन्हा बाजूला टाकले. तेव्हापासून सार्वजनिक सुट्टीला वर्कर बोलवायचा नाही आणि ते तास कोणाच्या आजारपणासाठी राखून ठेवायचे, असा तिचा नियम आहे.

शनिवारचे काम आता ठरून गेले आहे. निधीसाठी स्वतंत्र बँक खाते आहे. क्लेमची रक्कम तिथेच येते आणि तिथूनच पगार जातो. प्रत्येक पाळीची तारीख, तास, दर आणि वर्करची सही तक्त्यात असते. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या बिलांवर एबीएन, तारीख, तास आणि तिचे नाव आहे ना, हे पाहिल्याशिवाय ती पैसे देत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ला कायदा बदलला, कोणत्या गोष्टी एनडीआयएसच्या निधीत बसतात आणि कोणत्या नाहीत याच्या याद्या आल्या आणि क्लेमला दोन वर्षांची मुदत लागली. त्याच आठवड्यात ती फरशी पुसणारे स्वयंचलित यंत्र घेण्याच्या विचारात होती. सर्वसाधारण घरगुती उपकरणे यादीबाहेर गेल्याचे पाहून तिने ते क्लेम केले नाही. पर्यायी सेवा म्हणून आधी परवानगी मागण्याचा मार्ग होता, पण तेवढ्या कागदांसाठी तिला वेळ काढायचा नव्हता.

वेळेचाच मुद्दा मला सर्वांत अधिक खटकतो. रोस्टर लावणे, वर्करशी बोलणे, बिले तपासणे, नवे नियम वाचणे, यांत तिचे आठवड्याला सुमारे पाच तास जातात. तिने तीन महिने नोंद ठेवली, तेव्हा हा आकडा निघाला. वर्करच्या वेतनाने मोजले तर ते वर्षाला ११,४४० डॉलरचे काम होते आणि त्यासाठी कोणीही काही देत नाही. वाचवलेले पाच तास आणि व्यवस्थापनात गेलेले पाच तास समोरासमोर ठेवले तर तिने काहीच मिळवले नाही, असे एखाद्याला वाटेल. मी तिला तसे विचारले होते. तिने सांगितले की आधीही तिचे तेवढेच तास जात, फक्त ते नवीन माणसाला स्लिंगची पट्टी समजावण्यात जात. तरीही, ज्या घरात हिशेब समजणारा शेजारी किंवा स्नेही नाही, जिथे इंग्रजी पत्रव्यवहार जड जातो, तिथे हा मार्ग मी डोळे झाकून सुचवणार नाही. प्लॅन मॅनेजर नेमणे हा कमीपणा नव्हे.

जुलै २०२५मध्ये नवा प्लॅन आला. रक्कम तीच, ७०,००० डॉलर, पण आता ती तीन-तीन महिन्यांच्या हप्त्यांनी खुली होते: तिमाहीला १७,५००. एका तिमाहीत उरलेले पुढच्या तिमाहीत जातात, परंतु पुढचे आधी वापरता येत नाहीत, त्यामुळे गेल्या वर्षीसारखी चूक सुरुवातीलाच केली तर ती फेब्रुवारीत नव्हे, सप्टेंबरमध्येच भोवते. याच महिन्यात फिजिओथेरपीचा कमाल दर १९३.९९वरून १८३.९९ डॉलरवर आला. तिच्या फिजिओने जुनाच दर ठेवला. स्व-व्यवस्थापनामुळे तो देणे तिला शक्य होते, आणि तिने वर्षातली एक भेट कमी करून तो दिला.

देशातील किमान वेतन ३.५ टक्क्यांनी वाढले, तशी तिनेही दोन्ही वर्करना तेवढीच वाढ दिली. वेतन ४५.५४ झाले, सुपर १२ टक्के झाले आणि तास ५४ डॉलरला पडू लागला. तेरा आठवड्यांचे ३२५ तास म्हणजे १७,५५० डॉलर, हप्त्यापेक्षा पन्नास अधिक. त्या शनिवारी तिने पडदा माझ्याकडे वळवला तेव्हा उत्तर तिने आधीच काढून ठेवले होते. तिमाहीत एक तास कमी करायचा. तोही सकाळचा नाही. शेवटच्या शुक्रवारची संध्याकाळ दीड तासाची होईल, कारण त्या दिवशी वडील लवकर घरी येतात. तिने तसा निरोप संध्याकाळच्या वर्करला पाठवला आणि मग वडिलांना.